नित्य आणि काम्य

व्यायामाचा संकल्प मोडला म्हणजे त्याचे खापर आपण आळसावर फोडून मोकळे होतो. परंतु पनवेलच्या वडाळे तलावाकाठी जानेवारीत फुलणारी आणि होळी येईतो विरळ होणारी पहाटेची गर्दी पाहिली, की जी माणसे सकाळची लोकल गाठून मुंबईतली नोकरी वर्षानुवर्षे इमानेइतबारे बजावतात, त्यांना आळशी कोणत्या न्यायाने म्हणावे, असा प्रश्न पडतो. दोष त्यांच्या अंगी नसून त्यांच्या संकल्पाच्या जातीत आहे, असे माझे मत आहे. आणि या जातीचा विचार आपल्या मीमांसकांनी, यज्ञकर्माच्या निमित्ताने का होईना, फार सूक्ष्मपणे करून ठेवला आहे.

स्वर्ग, पुत्र, वृष्टी अशा इष्ट फलाच्या इच्छेने करावयाचे ते काम्य कर्म, आणि संध्यावंदनासारखे, फलाची इच्छा असो वा नसो, जन्मभर आचरावयाचे ते नित्य, हा भेद पुष्कळांना ठाऊक असतो. त्यापुढचे विवेचन मात्र अधिक मोलाचे आहे. काम्य कर्म सर्व अंगांसह यथासांग पार पडले तरच फल देते. नित्य कर्म यथाशक्ती केले तरी पुरते, कारण जन्मभराचे कर्म दररोज सर्वांगपूर्ण होणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे कर्मठ म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या शास्त्रकारांनी ओळखले होते. त्यांच्या या निर्णयात मला मोठी करुणा दिसते.

वजन उतरावे एवढ्याचसाठी जो चालतो, तो काम्य कर्म करीत असतो. फल लांबले की त्याची श्रद्धा डळमळते, हाती आले की प्रयोजनच सरते. आणि एखाद्या दिवशी तासाऐवजी दहाच मिनिटे मिळाली, तर अंग उणे पडलेल्या यज्ञासारखी तीही व्यर्थ मानून तो घरी बसतो.

पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यास दीर्घकाळ आणि सातत्य यांच्या जोडीला सत्काराची, म्हणजे आदराची अट घातली आहे, आणि आपण विसरतो ती नेमकी हीच. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तेव्हा सूर्याच्या नामोच्चाराला त्यात मानाचे स्थान दिले. नाम न घेताही स्नायू तेवढेच ताणले जातात, हे खरे. परंतु नामाने ती क्रिया उपासना होते, आणि उपासनेला रोज नवे कारण द्यावे लागत नाही.

यावर असा आक्षेप येईल, की प्रयोजनावाचून मोठा प्रयत्न होत नाही. पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके (जन्म १८४५) पुण्यात लष्करी हिशेबखात्याची कारकुनी सांभाळून लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत घडले, ते सशस्त्र उठावासाठी आपले शरीर सिद्ध करावयास. आक्षेप मला अंशतः मान्य आहे. पण त्यांचे प्रयोजन स्वतःच्या लाभाचे नव्हते आणि एका आयुष्यात संपणारेही नव्हते. १८७९ मध्ये ते पकडले गेले, जन्मठेपेवर एडनला धाडले गेले, तेथील तुरुंगाचे दार उखडून निसटले, पुन्हा सापडले आणि १८८३ च्या फेब्रुवारीत तेथेच निवर्तले, तरी त्यांची साधना फुकट गेली असे कोणी म्हणत नाही. इतके निःस्वार्थ ध्येय असेल तर काम्यही नित्याच्या पदवीला चढते. सामान्य प्रापंचिकाला असे ध्येय सहसा लाभत नाही, म्हणून त्याने व्यायामाला थेट नित्यकर्मातच स्थान द्यावे.

नित्य कर्म टाळल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो, असे शास्त्र सांगते. ते व्यायामाला जसेच्या तसे लावावे असे मी म्हणणार नाही. रुग्ण, बाळंतीण, रात्रपाळी संपवून परतलेला कामगार यांच्या माथी असा बोजा मारणे हाच अधर्म होईल, कारण त्यांच्यापुरती यथाशक्तीची मर्यादा विश्रांतीपाशीही थांबू शकते. मात्र ज्याचे शरीर धड आहे, त्याला आषाढातल्या पावसात तलावाची फेरी जमली नाही, तर त्याने घरातच बारा नावे घेऊन बारा नमस्कार घालावेत. तेही न झाले तर तीन घालावेत, आणि त्या तिहींना उणे लेखू नये.