‘माझं’ कुणी म्हणायचं?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४५.

कंस मेला, देवकी-वसुदेव बंदिवासातून सुटले. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ असते, त्यामुळे पुढचा प्रसंग आपण भरभर वाचून टाकतो. कृष्ण आणि बलराम आधी देवकी-वसुदेवांकडे जातात. आमचं बालपण तुमच्याजवळ गेलं नाही, ते सुख तुम्हालाही मिळालं नाही आणि आम्हालाही, अशा अर्थाचं बोलतात. नंतर दोघं नंदबाबांकडे वळतात. ज्या मुलांना त्यांची स्वतःची माणसं सांभाळू शकली नाहीत, त्यांना पोटच्या पोरासारखं जे वाढवतात तेच खरे आईबाप, असं त्यांना सांगतात. यावर नंद काहीच बोलत नाहीत. दोघांना मिठी मारतात, डोळे भरून येतात, आणि गोपांना घेऊन व्रजाकडे निघतात.

आमच्या घरी सध्या हाच अध्याय चालू आहे म्हणा ना. आम्ही कॅनडात, टोरंटोजवळ मिसिसागाला राहतो. पाच आठवड्यांपूर्वी ओडिशातून दोन भावंडं आमच्याकडे आली. ताई आठ वर्षांची, धाकटा पाचचा. भारत आणि कॅनडा हे दोन्ही देश १९९३च्या हेग करारात आहेत. त्यामुळे इथली होम स्टडी, मग दिल्लीच्या ‘कारा’ची मंजुरी, मग तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, असा सगळा प्रवास झाला. अजून दोन वर्षं अहवाल जात राहतील, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी. कागदावर मुलं आमची झाली आहेत. प्रश्न कागदाच्या पुढचा आहे.

गीतेच्या बाराव्या अध्यायात तेराव्या श्लोकात भक्ताची लक्षणं येतात. तिथे ‘करुण’ आणि ‘निर्मम’ हे दोन शब्द जवळजवळ शेजारीच बसलेत. निर्मम म्हणजे ज्याचं ‘माझं, माझं’ सुटलं आहे तो. हिंदीत तर याच शब्दाचा अर्थ निष्ठुर असा झालाय! मग लेकरांना वाढवणाऱ्या माणसाने निर्मम कसं व्हायचं? दोन घाबरलेल्या मुलांना ‘तुम्ही आमचे’ असंच ऐकायचं असतं ना?

आमची ताई याचं उत्तर रोज जेवताना देते. धाकट्याचं ताट भरेपर्यंत ती घास उचलत नाही. कुणी अनोळखी दारात आलं की त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, ‘मो भाई’. माझा भाऊ. तिच्या तोंडी ‘माझा’ म्हणजे मालकी नाही. त्याचं पोट भरलं का, त्याला थंडी वाजतेय का, ही काळजी म्हणजे तिचं ‘माझा’. समाजसेविकेने आम्हाला बजावलं होतं की हे काम तिच्याकडून हिसकावून घेऊ नका. म्हणून त्याला ती वाढते आणि तिला माझी बायको वाढते. पोळ्या उशीच्या अभ्र्यात लपवायची तिची सवय आहे, त्यावर रागवायचं नाही. टेबलावर पोळी-गुळाचा डबा दिवसरात्र उघडा असतो.

बाकी भाषेच्या गमती चालू असतात. धाकटा ‘भोक’ म्हणाला की मी आधी त्याच्या मोज्याला भोक पडलंय का ते बघायचो. ओडियात भोक म्हणजे भूक! पण देवघरात भाषेची अडचण आली नाही. विठोबाशेजारी आम्ही जगन्नाथाचा फोटो ठेवला होता. बलभद्र, सुभद्रा, जगन्नाथ. पुरीच्या मंदिरात भावंडंच एकत्र पूजली जातात. धाकट्याने लांबूनच बोट दाखवून नाव घेतलं. या घरात तो एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलला.

आणि एक रात्र सांगतो. ताई झोपेत ‘बोउ’ म्हणत होती. ओडियात बोउ म्हणजे आई. ती हाक माझ्या बायकोला नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बायको पलंगाशेजारी बसून राहिली. म्हणाली, ‘तिला तिची आठवण येतेय. येऊ दे.’ मला वाटतं, निर्मम हा शब्द मला त्या रात्री जेवढा कळला तेवढा कुठल्या भाष्यातून कळला नसता. आपल्या ‘माझं’ या शब्दात दोन गोष्टी गुंतलेल्या असतात, जबाबदारी आणि हक्क. गीता जबाबदारी सोडायला सांगत नाही, नाहीतर ‘करुण’ हा शब्द तिथे आलाच नसता. सोडायचा आहे तो हक्क. तिने मला बाबा म्हणावं, आधीचं विसरावं, आमच्यावर प्रेम करावं, हा हक्क.

‘केवढं पुण्य केलंत!’ असं फोनवर बरेच जण म्हणतात. प्रेमानेच म्हणतात, त्यांना नमस्कार. पण नीट विचार करा. आम्ही पुण्य जमा केलं, तर तेवढंच कर्ज मुलांच्या नावावर चढतं. आणि मग ती आयुष्यभर आभार मानत फेडत बसणार. खरं पाहिलं तर अर्ज आम्ही केला होता, मुलांनी नाही. मूल आम्हाला हवं होतं. त्यांची भाषा, माणसं, ओळखीचा वास असलेलं गाव, हे सगळं मागे राहिलं ते त्यांचं.

म्हणून मी परत नंदबाबांकडे जातो. ‘तेच खरे आईबाप’ हे बोलणं भागवतात कुणाच्या तोंडी आलंय बघा. नंद असं म्हणत नाहीत. मुलं म्हणतात, तीही इतक्या वर्षांनंतर, आणि देवकी-वसुदेवांना भेटून आल्यावर. एका नात्याने दुसरं पुसलं गेलं नाही, त्याच अध्यायात दोन्हीला जागा आहे. आणि ते ऐकल्यावरही नंद मुलांना थांबवत नाहीत.

‘माझं’ म्हणायचा अधिकार मुलांचा. आपण त्यांचं व्हायचं आणि वाट बघायची. ती कधी म्हणालीच नाहीत, तरी डबा उघडाच ठेवायचा.

तुमच्या घरी दत्तक मूल नसेल. पण आईबाबा, नवरा-बायको, जिवलग मित्र आहेतच. आज एवढंच करून बघा : यांच्यातल्या एका माणसाची काळजी रोजच्याएवढीच घ्या, आणि त्याबदल्यात त्याने कसं वागावं ही मागणी फक्त आजच्या दिवसापुरती देवासमोर ठेवून द्या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥