प्रयोग कोणाच्या देहावर?

चंडीगढहून एका महाराष्ट्रीय गृहस्थांचे पत्र आले आहे. नोकरीच्या निमित्ताने ते त्या नगरीत गेले आणि निवृत्तीनंतर तेथेच स्थायिक झाले. पत्रातील प्रश्न एका कुटुंबाचा असला तरी आज तो पुष्कळ घरांत विचारला जात आहे. म्हणून त्याचा विचार येथे थोड्या विस्ताराने करणे योग्य वाटते.

ते लिहितात की, काही वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह व रक्तदाब हे दोन्ही विकार जडले. औषधांची संख्या वाढत गेली. अखेर निसर्गोपचाराच्या एका जाणकाराच्या सांगण्यावरून त्यांनी सायंकाळचे भोजन लवकर आटोपण्याचा नेम धरला, गोड व तळलेले पदार्थ सोडले, पहाटे चालू लागले. वजन उतरले, आणि डॉक्टरांनीच औषधे कमी केली. हे पाहून त्यांच्या चिरंजीवांची निसर्गोपचारावर दृढ श्रद्धा बसली. आता घरात चार महिन्यांचा नातू आहे. चिरंजीव व सूनबाई म्हणतात की, मातेचे दूध, स्वच्छ हवा आणि सात्त्विक आचार एवढे असताना या बालकास लस टोचण्याचे काहीच प्रयोजन नाही. आजीबाई चिंतेने झुरत आहेत. चिरंजीव आधार देतात तो गीतेच्या सहाव्या अध्यायाचा, आणि महात्माजींचा. “माझेच उदाहरण माझ्यापुढे उभे केले जाते, मी कोणत्या तोंडाने बोलू?” असे पत्रलेखक विचारतात.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की चिरंजीवांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, विहार, निद्रा व जागृती यांच्या प्रमाणबद्धतेस दुःख हरण करणारा योग म्हटले आहे, आणि सतराव्यात आयुष्य व आरोग्य वाढविणाऱ्या आहाराचे वर्णन केले आहे. आपली आजची कित्येक दुखणी ताटातूनच उठतात. ती गोळीने दाबावी व ताट तसेच राहू द्यावे, ही रूढ समजूत तपासून पाहणे शहाणपणाचेच आहे. वैद्यकाच्या मोठेपणापुढे मान लववून गप्प बसावे असेही कोणी सांगू नये. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल या गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ माणसांना धनुर्वात झाला व ती दगावली. एका कुपीत दोष शिरला होता. त्या गावातील मातांना सुईचे भय वाटले असेल तर त्यांस अडाणी कोण म्हणेल?

परंतु एक गोष्ट चिरंजीवांच्या ध्यानातून निसटली आहे. वडिलांचा मधुमेह आहाराने आवरला. म्हणून घटसर्पही आहाराने टळेल, असे अनुमान निघत नाही. एक विकार देहाच्या आतील व्यवहार बिघडल्याने होतो, दुसरा बाहेरून आलेल्या जंतूने. अठराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत एका तुकड्यालाच सर्वस्व समजून त्यास चिकटून राहते ते ज्ञान तामस म्हटले आहे. वडिलांचा अनुभव खरा आहे, पण तो तुकडा आहे. पोषणाने शक्ती येते हे निश्चित. गोवर झालेले सुदृढ बालक दुर्बळ बालकापेक्षा अधिक वेळा वाचते. तथापि सुदृढ बालकालाही गोवर होतो.

पंजाबच्या भूमीत राहणाऱ्यांस याचे उदाहरण दूर शोधावयास नको. शिखांचे आठवे गुरू हरकिशनजी १६६४ मध्ये दिल्लीत रोगग्रस्तांची सेवा करीत असता देवीच्या आजाराने गेले. त्या वेळी ते आठ वर्षांचेही नव्हते. त्यांच्या आचारात काही न्यून होते असे म्हणण्याचे धाडस कोण करील? रोग हे नेहमी दुराचाराचेच फळ असते, असे मानणारा मनुष्य नकळत आजारी बालकावरच दोषारोप करीत असतो.

आणि “निसर्ग” या शब्दाने आपण फार भुलतो. धनुर्वाताचे बीज मातीत व शेणात असते. तेही निसर्गच आहे. नाळेवर शेण किंवा राख लावण्याची रीत गावोगाव होती, आणि जन्मल्यानंतर आठवड्याभरात आचके येऊन अर्भके जात. गर्भवतींना लस व प्रसूतीच्या वेळी स्वच्छता, या दोहोंनी मिळून हा रोग इतका हटला की २०१५ मध्ये माता व नवजातांचा धनुर्वात भारतातून निर्मूलनाच्या पातळीस आल्याचे प्रमाणित झाले. टोचणे हे परक्यांचे खूळ आहे असेही काही जण म्हणतात. इंग्रजी लस येण्यापूर्वी बंगालप्रांती टीकादार लोक शीतलादेवीचे पूजन करून देवीच्या फोडातील द्रव निरोगी मनुष्याच्या हातावर टोचीत असत. तो उपाय धोक्याचा होता, कारण त्यात खरीच देवी अंगात सोडली जाई. पण कल्पना याच भूमीवर वावरत होती. आपल्या मराठीत लस टोचण्यास “देवी काढणे” म्हणत, त्या शब्दातही भय व भक्ती एकत्र नांदतात.

आता महात्माजींविषयी. चिरंजीव म्हणतात ते खरे आहे. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’ मध्ये त्यांनी डॉक्टर व इस्पितळे यांवर कठोर टीका केली, आणि पुढे आरोग्यावरील लेखमालेत देवीच्या लशीसही विरोध केला. पण त्यांच्या चरित्रातील एवढेच पान वाचून ग्रंथ मिटू नये. १९२४ च्या जानेवारीत, येरवड्याच्या कारावासात असता, त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला. पुण्याच्या ससून इस्पितळात १२ तारखेच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले व कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. इस्पितळांवर इतके लिहिलेला मनुष्य त्या रात्री इस्पितळाच्या मेजावर निमूटपणे पडला होता. याला कोणी विसंगती म्हणतील. मला तर त्यात त्यांचा मोठेपणा दिसतो; वचनापेक्षा त्यांनी प्रसंगाचे सत्य मोठे मानले.

खरा कसोटीचा प्रसंग मात्र सहा वर्षांनी आला. १९३० च्या आरंभी, दांडीयात्रेची सिद्धता चालू असतानाच, साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ शिरली आणि तीन बालके गेली. त्यांपैकी एक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा. पंडितजी विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आश्रमाच्या प्रार्थनेला सूर दिला तो या महाराष्ट्रीय गायकाने, आणि आश्रमाची भजनावली संकलित केली तीही त्यांनीच. आश्रमात लस टोचण्यास बंदी नव्हती. ज्यास हवी त्याने घ्यावी असे बापूंचे सांगणे होते. पण ज्याच्या शब्दाखातर माणसे घरदार सोडून आली, त्याचे मत ठाऊक असताना “हवे ते करा” या परवानगीस कितीसा अर्थ उरतो? तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी म्हटलेच आहे की श्रेष्ठ मनुष्य जे आचरतो तेच इतर लोक आचरतात. मातापित्यांनी मुलांना टोचून घेतले नाही.

त्या मृत्यूंनी महात्माजी व्याकुळ झाले. आपल्या सांगण्यावरून मातापित्यांनी लस टाळली, ही बालके कळ्यांसारखी गळून पडत आहेत, आणि हे कदाचित आपल्या अज्ञानाचे व हट्टाचे फळ असेल, अशा अर्थाची कबुली त्यांनी लिहून ठेवली आहे. लसीविषयीचे मत त्यांनी त्यामुळे बदलले असे नव्हे; पण त्या शंकेचा भार त्यांनी झटकूनही टाकला नाही. पंडितजी १२ मार्चला यात्रेत निघाले आणि वाटभर भजने गात गेले. पुत्रशोक नुकताच झालेल्या त्या गळ्यातून सूर कसा निघाला असेल, हे लिहिताना लेखणी थांबते. जे आपल्या मुलाच्या बाबतीत महात्माजींचा आधार घेतात, त्यांनी हा प्रसंगही त्यांच्याच चरित्रातला म्हणून स्वीकारला पाहिजे.

येथे मूळ प्रश्न उघडा पडतो. आपल्या देहावर केलेले तप आणि दुसऱ्याच्या देहावर लादलेले तप ही एक गोष्ट नव्हे. पत्रलेखकांनी साखर सोडली ती स्वतःच्या जिभेची सोडली. अपाय झाला असता तर तो त्यांना झाला असता. चार महिन्यांच्या नातवाने काहीच सोडलेले नाही व काहीच स्वीकारलेले नाही. त्याची श्रद्धा अजून जन्मास यावयाची आहे. मुंबईत प्लेग भडकला असता वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि मग ती दुसऱ्यास दिली. मलकोवालच्या दुर्घटनेचा ठपका पुढे याच गृहस्थांवर आला आणि ते १९०७ मध्ये दोषमुक्त ठरले. त्यांचे शास्त्र बाजूस ठेवा. प्रयोगाचा क्रम तरी पाहा.

दुसरी गोष्ट लोकसंग्रहाची. मधुमेह शेजाऱ्यास लागत नाही, गोवर लागतो. ज्या तान्ह्या मुलास अजून लशीचे वय आलेले नाही, किंवा आजारामुळे ज्यास ती देता येत नाही, त्याचे रक्षण भोवतालची टोचलेली मुले करीत असतात. देवी हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे १९८० मध्ये घोषित झाले; भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावड्यास आढळला. हे कार्य कोणा एका घराच्या शुद्ध आहाराने घडले नाही. कोट्यवधी अनोळखी मातांनी आपापले मूल पुढे केले म्हणून घडले. चिरंजीव आज निर्धास्तपणे “गरज काय?” असे विचारू शकतात, ते त्या मातांच्या पुण्याईवर.

मग निसर्गोपचार टाकावा काय? मुळीच नाही. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे महात्माजी १९४६ च्या मार्चमध्ये जाऊन राहिले, खेडुतांवर माती, पाणी, सूर्यप्रकाश, पथ्य व रामनाम यांनी उपचार केले, आणि तेथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. ते काम ज्यांच्यावर सोपविले ते मणिभाई देसाई आयुष्यभर तेथे राहिले. त्याच मणिभाईंनी १९६७ मध्ये स्थापलेल्या ‘बाएफ’ संस्थेने पुढे गुराढोरांच्या लाळ-खुरकूत रोगावरील लसही तयार केली. निसर्गोपचाराचा एवढा निष्ठावंत सेवक गाईला लस द्यावी म्हणतो, आणि आपण नातवाला देऊ नये म्हणतो, याचा विचार चिरंजीवांनी करावा. चंडीगढातही गांधी स्मारक भवन आणि १९६२ मध्ये सुरू झालेली पीजीआय ही मोठी वैद्यकीय संस्था एकाच नगरात नांदतात. नगरास त्याचा त्रास होत नाही. घरालाही होण्याचे कारण नाही.

पत्राच्या शेवटी एक नाजूक प्रश्न आहे. मुले कामावर गेली असता आजीबाई नातवाला गुपचूप दवाखान्यात नेऊन टोचून आणू म्हणतात. ते योग्य होईल काय? आजीबाईंची माया समजते, पण हे करू नये. मातापित्यांच्या अपरोक्ष केलेल्या गोष्टीने बालक एका रोगापासून वाचेल आणि घरातील विश्वास जाईल. शिवाय बालकास नंतर ताप आला तर तो कशामुळे आला हे सांगण्याचे धैर्य कोणासही होणार नाही. आपण वडील आहात. चिरंजीव व सूनबाई यांना जवळ बसवावे, आपल्या पथ्याचे यश कबूल करावे, ते आपल्या देहापुरते होते हे सांगावे, आणि साबरमतीची हकीकत सांगावी. सूनबाईंना भीती कशाची वाटते हे आधी ऐकून घ्यावे; पुष्कळदा ती सुईची नसते, कोणी काही विचारूच देत नाही याची असते. बालरोगतज्ज्ञांकडे सर्वांनी मिळून जावे व मनातील प्रत्येक शंका विचारावी. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या लशी राहून गेल्या असल्या तरी वेळ गेलेली नाही. त्या आता सुरू करता येतात, आणि गोवराची पहिली मात्रा नवव्या महिन्यात असल्याने तिला अवकाश आहे. मातेचे दूध तर चालूच राहील.