पोपटाची चिमणी

बँकेत चूक झाली की उलट नोंद करता येते. लाकडात उलट नोंद नाही, हे मला चाळिशीनंतर कळले.

रामनवमीची यात्रा ओसरल्यावर पोहरादेवीत एका म्हाताऱ्या सुतारबाबांकडे कोरीवकाम शिकायला बसलो. सागाच्या फळीवर पोपट काढत होतो. पटाशी रेषांच्या उलट गेली अन् शेपटीचीच ढलपी उडाली!

"आता हो बाबा?"

"आता चिमणी करा, साहेब. लाकूड कशाला वाया घालवता?"

आम्ही पडलो बी.कॉम.! तूट झाकून हिशेब जुळवला, तर आमच्यात त्याला अफरातफर म्हणतात. मग इथे कसब कसे?

बाबा मात्र येईल त्याला हसत सांगत, "साहेबांचा हा पोपट होता बरं!"

घरी मी सौ.ला ऐटीत म्हणालो, "चिमणीच काढायची होती."

अफरातफर झाली ती इथे.