भिक्षा आणि दीक्षा

श्रीदत्तात्रेय मध्यान्ही भिक्षेसाठी करवीरात येतात, ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या कोल्हापुरात, गुरू नेमका कोणास म्हणावे हा प्रश्न मला वारंवार पडतो तो पेटीवादक व संगीतकार गोविंदराव टेंब्यांच्या निमित्ताने. घराणेदार गाण्यात शिष्यत्वाची सनद म्हणजे गंडा. तो बांधून वर्षानुवर्षे समोर बसून घेतलेल्या तालमीनेच शागिर्दाचा हक्क शाबीत होतो. गोविंदराव मात्र पेटी बहुतांशी आपली आपणच शिकले, कोल्हापूरच्या देवल क्लबाने त्यांना अभिजात गाण्याची गोडी लावली, आणि तरीही गायक भास्करबुवा बखल्यांना ते गुरू म्हणत. शाहू छत्रपतींच्या दरबारी असलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकीही त्यांना उमगली ती बुवांच्या द्वारेच.

भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने पृथ्वी, वायू, भ्रमर असे 24 गुरू केले, ज्यांपैकी बहुतेकांना आपण गुरू झाल्याची वार्ताही नव्हती. तेव्हा गुरुपण देणाऱ्याच्या ठायी नसून घेणाऱ्याच्या दृष्टीत वसते, असे कोणी म्हणेल. मला ते अर्धेच पटते. पेटीच्या सुट्या पट्ट्यांतून मींड निघत नाही; म्हणजे गळ्याची नक्कल करण्याची वाटच ज्याला बंद, त्याला बुवांच्या गाण्यातील आकृती, तिचा तोल, समेकडे येण्यातील अपरिहार्यता यांचाच शोध घ्यावा लागतो, आणि संगीतरचनाकाराचे शिक्षण ते हेच. 1911 साली ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या पदांना चाली देताना गोविंदराव पूरब ढंगाच्या गाण्याकडे मोकळ्या मनाने वळले. चाल मिळणे ही भिक्षा होय, आणि भ्रमराप्रमाणे ती कोठूनही घ्यावी. परंतु मराठी अक्षरांवर ती कोठे ठरते, कोठे आवरावी, हे सांगणारा विवेक झोळीत पडत नाही. ज्याच्या धाकाने आणि प्रेमाने आपण आपलीच आवडती जागा खोडून टाकतो, अशा जिवंत माणसाच्या सहवासातच तो जडतो. दीक्षा मी यालाच म्हणतो, मग गंडा असो वा नसो.

1922 च्या एप्रिलात भास्करबुवा गेले आणि महिना उलटायच्या आत शाहू महाराजही. दहा वर्षांनी, तेव्हा कोल्हापुरातच असलेल्या ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला गोविंदरावांनी संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली, ज्याने अवघे राज्य दान करून टाकले तरी विश्वामित्राची दक्षिणा त्याच्या माथी उरलीच होती. खाँसाहेबांचे चरित्रही पुढे त्यांनीच लिहिले.