कंपनी फिटिंगसारखं

मोटारीच्या डॅशबोर्डकडे कधी नीट पाहिलंत तर एकदोन बटणं अशी सापडतील जी दाबलीच जात नाहीत. बटणाच्या आकाराचा नुसता प्लास्टिकचा तुकडा. गॅरेजमध्ये त्याला 'डमी' म्हणतात. वरच्या मॉडेलमध्ये त्या जागी फॉग लॅम्पचं वगैरे बटण असतं. आपण तेवढे पैसे मोजले नाहीत, म्हणून आपल्या वाट्याला झाकण. जुन्या गाडीत ब्लूटूथ बसवून घेणाऱ्याला फोनची सोय हवी असतेच, पण त्याच्या मनात या झाकणाचा सलही असतो. म्हणून तो नुसतं 'ब्लूटूथ बसवून द्या' म्हणत नाही. 'कंपनी फिटिंगसारखं बसवून द्या' म्हणतो.

या 'सारखं'मध्ये बरंच काही दडलंय असं मला वाटतं.

फोन गाडीला जोडायचे स्वस्त मार्ग भरपूर आहेत. लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा एफएम ट्रान्समीटर मिळतो. तो फोनचा आवाज एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. पुण्यामुंबईत रिकामी फ्रिक्वेन्सी शोधणं हे वेगळंच काम आहे. बोलता बोलता मध्येच कुणाची तरी जाहिरात घुसते. ऑक्सच्या भोकात लावायचा रिसीव्हर त्याहून बरा. पण दोन्हींत वायर लोंबते, निळा दिवा लुकलुकत राहतो आणि मागे बसलेल्या पाहुण्याला कळतं की हे नंतरचं आहे.

कंपनीसारखं म्हणजे काय, ते मला नाना पेठेतल्या एका वायरमनने समजावलं. माझी स्विफ्ट २०१२ची, सेकंड हँड. स्टिअरिंगवर आवाज कमीजास्त करायची बटणं आहेत, फोनची नाहीत. तो म्हणाला, "ताई, वायर एकही कापायची नाही. कपलरला कपलर. उद्या काढलं तर गाडी होती तशी." त्याने डॅशबोर्डची पट्टी प्लास्टिकच्या पात्याने अशी उचकटली की एक ओरखडा उठला नाही. माइकची वायर त्याने काचेच्या कडेच्या खांबाच्या आवरणाखालून छताकडे नेली आणि छोटासा माइक दिव्याशेजारच्या जाळीमागे बसवला. स्टिअरिंगच्या बटणांचं गणित ऐकून मला फार मजा वाटली. बहुतेक जुन्या गाड्यांत प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसतेच. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. बटण दाबलं की वायरमधला व्होल्टेज ठरावीक आकड्यावर जातो आणि तो आकडा वाचून टेपला कळतं की कोणतं बटण दाबलं. म्हणजे नव्या टेपला शिकवायचं एवढंच, की हा आकडा आला तर फोन उचल, तो आला तर ठेव.

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड राजावरून आलं, हे आता क्विझवाल्या पोरांनाही पाठ असतं. मला त्याहून गमतीची वाटली ती आतली भाषा. गाडी फोनला 'उचल' म्हणून सांगते ते 'एटीए' या आज्ञेने. ही जुन्या डायल-अप मॉडेमची भाषा. इंटरनेट लागताना ज्या डब्यातून किर्र आवाज यायचा, त्या डब्याला द्यायच्या आज्ञा आजही आपल्या स्टिअरिंगखालून फोनकडे जातात.

काम झालं तेव्हा काहीच दिसत नव्हतं. फोन वाजला की गाणं आपोआप थांबतं, आवाज चारही स्पीकरमधून येतो, अंगठा दोन सेंटिमीटर हलवला की बोलणं सुरू. गाडीला हे सगळं जन्मापासून येत होतं असं वाटावं, इतकं बेमालूम. वायरमनच्या हाताला मी आजही दाद देते.

पण बेमालूम कामाचा एक परिणाम असा, की त्याविषयी कुणी प्रश्न विचारत नाही. लोंबणारी वायर आपल्याला सांगत असते की गाडी चालवणं हे एक काम आहे आणि फोन हे दुसरं, वरून चिकटवलेलं. तीच गोष्ट छताच्या जाळीमागे गेली, स्टिअरिंगवर तिचं बटण आलं, की ती गाडी चालवण्याचाच भाग होते. कंपनीने दिलं आहे, म्हणजे विचार करूनच दिलं असणार. आणि 'कंपनीसारखं' दिसतं आहे, म्हणजे तेही चालत असणार. ही परवानगी कुणीही दिलेली नाही. ती फिटिंगच्या सफाईतून येते.

कायदाही नकळत हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या १८४व्या कलमात २०१९च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्याची जी उदाहरणं घातली, त्यात हातात धरलेलं संपर्काचं उपकरण वापरणं आहे. हातात धरलेलं. पोलिसाला हात दिसतो. लक्ष कुठे आहे ते दिसत नाही. कायद्याने दिसणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवलं यात त्याचा दोष नाही. पण आपण त्याचा अर्थ उलटा लावला, की हात मोकळे असले म्हणजे आपणही मोकळे.

हे खरं नाही, ही गोष्ट तशी जुनी आहे. १९९७ साली रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी टोरांटोत अपघात झालेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांच्या कॉलच्या नोंदी तपासल्या. फोन वापरताना टक्कर होण्याचा धोका जवळपास चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी होतो असं काही दिसलं नाही. पुढे युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर माणसं बसवली, त्यांच्या नजरा मोजल्या. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांनी रस्त्याकडेच्या ज्या फलकांकडे थेट पाहिलं होतं, तेही नंतर त्यांना ओळखता येईनात. डोळे गेले होते, पण पाहणं झालं नव्हतं.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: मग गाणी? मग शेजारी बसून बोलणारा माणूस? त्यालाही गप्प करायचं का?

गाण्याचं उत्तर सोपं आहे. गाणं आपल्या उत्तरासाठी थांबलेलं नसतं. समोर ट्रक आडवा आला आणि तुम्ही अख्खं कडवं ऐकलंच नाहीत तरी गायकाला वाईट वाटत नाही. फोनवर मात्र तीन सेकंद गप्प राहून बघा. "हॅलो? आहेस का? आवाज येतोय का?" फोनवरची शांतता असभ्य असते. आपण रस्ता सोडून बोलण्याकडे जातो ते बेफिकिरीने नाही, बऱ्याचदा सभ्यपणाने.

शेजारच्या माणसाचं उत्तर मला आईमुळे मिळालं. आई शेजारी बसली की अखंड बोलते. पण कात्रजचा नवा बोगदा संपून नवले पुलाकडचा उतार लागला, की तिचं वाक्य अर्ध्यात तुटतं. हात वरच्या हँडलला जातो, उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतो. पूल ओलांडला की ती तेच वाक्य जिथे सोडलं तिथून उचलते. तीच आई फोनवर असली की तिला उतार दिसत नाही. मी उतारावर असताना ती विचारते, "मग तू त्यांना काय म्हणालीस?" आणि तिला उत्तर हवं असतं. स्ट्रेअर यांच्याच गटाने २००८ साली हा फरक मोजून दाखवला. चालकांना सांगितलं होतं की ठरावीक ठिकाणी वळून बाहेर पडा. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं ते वळण चुकलं. शेजारी बसून बोलणाऱ्या मित्राबरोबरचे बहुतेक जण बरोबर वळले, कारण मित्रही रस्ता बघत होता, बोलणं थांबवत होता, 'आता वळायचंय' म्हणत होता. शेजारचा माणूस आपल्याच धोक्यात बसलेला असतो. फोनवरच्या माणसाचं प्रेम कितीही असलं तरी तो सोफ्यावर असतो.

म्हणून प्रश्न हाताचा नाही, लक्षाचा आहे. लक्ष माझं आहे, ते मी कुणालाही द्यावं, असं घरात म्हणता येतं. रस्त्यावर ते थोडं दुसऱ्यांच्याही मालकीचं होतं. टनभर लोखंड घेऊन मी सिग्नलला येते तेव्हा झेब्रा क्रॉसिंगवरची बाई, उलट्या बाजूने का होईना येणारा सायकलवाला, हे सगळे एका न बोललेल्या भरवशावर पाऊल टाकतात, की ही आपल्याला बघते आहे. माझ्या ब्लूटूथबद्दल त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आता सिग्नलवरच आजूबाजूला बघू. डिलिव्हरीचा मुलगा हेल्मेटमध्ये, गाल आणि फोमच्या मधे फोन खुपसून बोलतोय. हाही हँड्सफ्रीच. पण त्याला बघून गाडीतले आपण मान हलवतो: काय बेपर्वा पोरं आहेत! तेव्हा आपण स्वतः छताकडे बघून कुणाशी तरी बोलत असतो. दोघांचंही लक्ष सारखंच फुटलेलं. फरक एवढाच, की त्याच्या फिटिंगला सफाई नाही. आणखीही एक फरक आहे, तो आपल्या बाजूने जात नाही. त्याचं लक्ष चुकलं तर बहुधा त्याचं स्वतःचं डोकं फुटेल. आपलं चुकलं तर दुसऱ्याचं. शिवाय त्याला फोन करणारे आपणच. ॲपवर त्याचा ठिपका सरकताना दिसत असतो, तरी आपण विचारतो, "कुठपर्यंत आलात?" कॅबवाल्याचंही तेच. तो फोन उचलणार नाही तर रेटिंगचं काय, ही भीती त्याची. आपल्याला गंमत म्हणून स्वयंपाकघरात उभं राहून विचारायचं असतं.

इथे मला आपल्या नीतिविचारातली एक रिकामी जागा दिसते. सगळा दोष आपण चालवणाऱ्यावर ठेवलाय. 'गाडी चालवताना फोनवर बोलू नका' असे फलक जागोजागी आहेत. 'गाडी चालवणाऱ्याला फोन करू नका' असा फलक मी तरी पाहिलेला नाही. बोलण्याला दोन माणसं लागतात. एकाने दारू पाजली आणि दुसऱ्याने गाडी चालवली तर पाजणाऱ्यालाही आपण चार शब्द सुनावतो. पण "गाडीत आहेस ना? मग निवांत बोलू, हात मोकळेच आहेत" म्हणणाऱ्याला मात्र आपण जिव्हाळ्याचा माणूस समजतो. शहरातल्या कित्येक घरांत तर प्रवासाचा तास हा हक्काचा फोनचा तास झालाय. ऑफिसात बॉस, घरी मूल, मधल्या पाऊण तासात आई, बहीण, मैत्रीण. ही माया खोटी नाही, म्हणूनच ती थांबवणं अवघड जातं.

मग मी ते ब्लूटूथ काढून टाकलं का? नाही. रस्त्यात गाडी बंद पडली, कुणाला दवाखान्यात नेलं, तर ते असावं. नुसता वाजणारा फोन पर्समधून शोधण्यापेक्षा एक बटण दाबून "गाडीत आहे, पोचल्यावर करते" म्हणणं केव्हाही बरं. तेवढ्यासाठी अंगठ्याचे दोन सेंटिमीटर पुरतात. ऑटो-आन्सर नावाचं एक सेटिंग त्यात होतं. चार रिंग झाल्या की फोन स्वतःच उचलायचा. ते पहिल्याच दिवशी बंद करून घेतलं. वायरमनला नवल वाटलं. "लोक तर मुद्दाम चालू करून घेतात, ताई."

फोन करणाऱ्याची बाजू सांभाळणं मला त्याहून जड जातंय. मी कुणालाही फोन लावला की आधी विचारते, "गाडी चालवतोयस का?" हो म्हटलं की "पोचलास की कर" म्हणून लगेच ठेवते. मित्रांना सवय झाली. आईने दोन दिवस अबोला धरला आणि मग तीही तसंच करू लागली. बहिणीला मात्र ते अजून तोडून टाकल्यासारखं वाटतं. तिचा घरी जायचा रस्ता सव्वा तासाचा आहे, आणि घरी पोचल्यावर तिला बोलायला वेळ नसतो.