सोवळं पाणी

माझी माशांची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ६८० लीटर. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर न घेता मी खाली उघडा सम्प, म्हणजे गाळणीची वेगळी टाकी, बसवला. आमच्या वरूडात वीज जाते, गाळणीचा पंप थांबतो. बंद डब्यातला प्राणवायू संपला की आतले जिवाणू गुदमरतात. सम्प मात्र थोडा रिकामाच ठेवावा लागतो, कारण पंप थांबला की वरचं पाणी खाली उतरतं.

आईची पूजा सोवळ्यात. गाळणीतला तपकिरी स्पंज पाहून ती म्हणते, "काऊन रे बापा, ही घाण धुत नाहीस?" धुतो, पण टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळातल्या क्लोरीननं ते जिवाणूच मरतील. माशांनी सोडलेला अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कीनं १८९० च्या सुमारास असे जिवाणू वेगळे काढून दाखवले. म्हणजे गाळणीचं खरं काम गाळणं नाहीच. नवी, चकचकीत गाळणी सर्वांत निकामी.

मग शुद्धी म्हणजे मळापासून दूर राहणं, हे मला पटत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा खराटा घेऊन घाणीतच उतरले. पण आईचाही मुद्दा आहे: नायट्रेट उरतंच. ते पाणी काढावंच लागतं. आमच्याकडे भूजल इतकं खोल गेलंय, की टाकीतून काढलेलं ते पाणी मी संत्र्याच्या आळ्यात ओततो. त्याच झाडाची संत्री आई देवापुढे ठेवते. त्यावर तिची हरकत नाही.