कुणाचा रं तू?

हिर्डोशीला एस्टीतून उतरलं, की पारावरचा एक म्हातारा हटकून विचारतो, "कुणाचा रं तू?" आणि मी उत्तर देण्याआधीच नाकावरून माझ्या आजोबांचं नाव सांगून मोकळा होतो.

यंदा भाचा बरोबर होता. प्राणिशास्त्रवाला. त्यानं ओढ्यातून मोहरीएवढा तांबडा ठिपका पकडला. 'वॉटर माइट', म्हणजे कोळ्याच्या गोतातला. याची जात ओळखायची तर तोंडापाशी असलेल्या सोंडुकल्यांचे सांधे आणि पोटाखालच्या तगटांची ठेवण सूक्ष्मदर्शकातून पाहायची. तरी दोन जाती हुबेहूब सारख्या निघतात! मग २००३ साली कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी सुचवलेला डीएनए बारकोड : एका जनुकाची सुमारे ६५० अक्षरं वाचायची.

"म्हणजे आता नाकं बघायला नकोत?"

"अक्षरं जुळवायला आधी कुणीतरी नाक बघून नाव दिलेलं लागतं, मामा."

एवढं बोलून त्यानं ठिपका अल्कोहोलात टाकला. डास बेधडक मारणारा मी, पण हळहळलो. ओळख पटवायला जीव घ्यायचा, ही कसली ओळख?

भाचा म्हणाला, "ओढ्यात कोण आहे हेच ठाऊक नसेल, तर उद्या कोण नाहीसं झालं ते कसं कळणार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. परतताना पारावर म्हातारा दिसला, आणि चपापलो. माझ्या तीन पिढ्या याला पाठ. मला याचं नावही ठाऊक नाही. उद्या पार रिकामा दिसला, तर कोण गेलं म्हणून सांगणार होतो?

"आबा, तुमचं नाव काय?"

"आत्ता इचारतोस व्हय?" म्हातारा म्हणाला, आणि बसायला जागा करून दिली.